बोट नाही म्हणून समुद्र अडत नाही: फ्लाय फिशिंग, आपल्या सांगलीकरांसाठी सोप्या भाषेत

मोबाईलवर तो व्हिडिओ तुम्हीपण बघितला असणार. गुडघाभर समुद्रात एक माणूस उभा, हातात लांब बारीक दांडा, डोक्यावरनं पिवळीधमक दोरी मागं-पुढं मागं-पुढं फिरवतोय आणि शेवटी त्या दोरीच्या टोकाचं चिमूटभर पीस पाण्यात अलगद पडतं. मग मासा. हाच सराव मी सांगलीत कृष्णेच्या घाटावर संध्याकाळचा करतो तेव्हा रोज कोणतरी थांबतं आणि विचारतं, की शिसं नाही, गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, मग हे फेकलं कसं जातंय आणि मासा ह्याला फसतो कसा, आणि समुद्रात करायचं तर बोट लागणारच की. तिथं उभ्या उभ्या दोन मिनिटात हे सांगून होत नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

गोफण आणि आसूड

आपण नेहमी जी गळाची फेक करतो ती गोफणीसारखी असते. शाळूच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेली माणसं अजून गावोगावी आहेत, त्यांना विचारा, लांब जातो तो दगड. गळाचंपण तसंच, शिसं किंवा लोखंडी मासळी वजनदार असते, ती पुढं उडते आणि मागनं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ओढत नेते.

आता त्या गोफणीत कोंबडीचं पीस ठेवून बघा. दोन फुटावर पडेल.

फ्लाय फिशिंगमधे उलटं केलंय. फ्लाय म्हणजे माशी, पण समुद्रात ती खरी माशी नसते, केस-पिसं गळाला बांधून केलेली नकली बारकी मासळी असते आणि तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन घातलंय दोरीत. ही दोरी, हिला लाइन म्हणतात, प्लास्टिकचा थर दिलेली, जाडसर, साधारण 27 ते 30 मीटर लांब असते. समुद्राला बहुतेक जण 8 नंबरची घेतात आणि 8 नंबरचा अर्थ एवढाच की तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे तुम्ही फेकताय ती दोरी, माशी नुसती तिच्या शेपटाला लटकून जाते.

म्हणून हा आसूड आहे. बैलाच्या आसुडाची मूठ जाड आणि टोक बारीक का असतं? मुठीतला जोर जाड भागातनं बारीक भागात सरकत जातो, भाग हलका होत जातो तसा वेग वाढत जातो आणि टोकाला तो इतका वाढतो की आवाजाच्या वेगाच्या पुढं जातो, कडाका ऐकू येतो तो त्याचाच. फ्लायच्या लाइनीचं पुढचं टोकपण असंच निमुळतं केलेलं असतं आणि त्यापुढं नऊएक फूट बारीक होत जाणारी तंगूस बांधतात, तिला लीडर म्हणतात. फरक एवढाच की आपल्याला कडाका नको असतो. लाइन मागं पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढं आणायची. घाई केली की आसुडासारखी फट्ट वाजते आणि माशी तुटून जाते. नवीन माणसाच्या निम्म्या माशा अशाच जातात, मासा न्यायला यावाच लागत नाही.

मग साधा दांडाच का नको?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. साध्या दांड्यानं दुप्पट लांब जातंय, लाटा मोठ्या असतील तर मी स्वतः साधाच दांडा घेतो. पण काठाजवळचा मासा बऱ्याचदा दोन-अडीच इंचाची, करंगळीएवढी मासळी खात असतो. तेवढ्या आकाराची, तेवढी हलकी वस्तू गोफणीनं जाणारच नाही, आणि वजन लावलं तर धपकन पडते आणि उथळ पाण्यातला मासा पळतो. माशी आवाज न करता पडते, आणि ओढायची थांबलात तरी तिचे केस पाण्यात हलत राहतात, म्हणजे थांबलेली असतानासुद्धा ती जिवंत वाटते. ज्यानं पहिल्यांदा स्वच्छ पाण्यात हे आपल्या पायाजवळ धरून बघितलं त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बोट नाही, मग मासा येणार कुठनं?

घाटावरची माणसं समुद्राकडं बघतात ती मोठा तलाव म्हणून. त्यामुळं वाटतं की मासा आत लांब असणार आणि आपल्याला तिथवर जावं लागणार. खरं तर समुद्र, निदान खाडीच्या तोंडाशी, ही नदी आहे. दिवसातनं चारदा दिशा बदलणारी नदी. सहा तास पाणी आत येतं, सहा तास बाहेर जातं, परत आत, परत बाहेर. आणि नदी तर आपल्याला कळते!

आयर्विन पुलाच्या खांबामागं पाणी कसं संथ होतं आणि मासा तिथं का थांबतो हे सांगलीत नदीवर वाढलेल्या पोराला शिकवायला लागत नाही. धार जोरात, शेजारी संथ पाणी, आणि दोन्हीच्या मधे एक रेघ. मासा त्या रेघेवर संथ बाजूला उभा राहतो, कष्ट कमी आणि खाणं वाहत दारात. रत्नागिरीत भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते तिथंपण हेच, पूर्णगडला मुचकुंदीच्या तोंडाशी हेच, देवबागला कर्ली येते तिथंपण हेच.

भरतीला पाणी कांदळवनात शिरतं, त्याच्याबरोबर कोळंबी, बोईट माशाची पिल्लं, बारीकसारीक सगळं आत शिरतं. ओहोटी लागली की हे सगळं छोट्या छोट्या ओहोळांतनं खाडीत परत यायला लागतं, कारण मागं राहिलं तर चिखलात अडकून मरणार. आता शाळेच्या गेटावर चिंचा-बोरं विकणारी मावशी आठवा. ती वर्गावर्गात पोरं शोधत फिरत नाही, तिला सुट्टीची घंटा माहीत असते, त्या वेळेला ती गेटावर टोपली मांडून बसते. जिताडा, तांबोशी, रावस हे मासे तसेच ओहोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. बोट काय करते, तर तुम्हाला माशाकडं नेते. पाणी माशाला तुमच्याकडं आणत असेल तर तुम्हाला फक्त घंटेची वेळ माहीत पाहिजे.

घंटेची वेळ: तिथीचा हिशोब

हे कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर आणि त्यांच्या मधोमध ओहोटी.

हे जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते आणि चंद्र रोज पन्नासएक मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं भरतीपण रोज तेवढीच उशिरा. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, हिशोब जवळजवळ बसला. मात्र हा अंदाज मुंबईकडचा. दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते, म्हणून गाडी काढायच्या आधी त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर बघाच. मी तिथीवरनं रविवार ठरवतो आणि वेळापत्रकावरनं अलार्म लावतो.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, हे उधाण. अष्टमीच्या आसपास कमी, तो भांग. धारेवर उभा राहणारा मासा पाहिजे तर मला उधाणानंतरची द्वितीया-तृतीया आवडते. तृतीयेला भरती मध्यरात्रीनंतर दीड-दोनला होऊन जाते, उजाडताना पाणी जोरात बाहेर वाहत असतं आणि आठच्या आत ओहोटी पुरी. सांगलीतनं रात्री एकला निघून आंबा घाट उतरलं की साडेपाचला भाट्याला पाणी अगदी पाहिजे तसं मिळतं.

मागच्या फेब्रुवारीत असंच गेलो होतो, माझा भाचा बरोबर. अंधार होता, थंडी होती, कांदळाच्या कडेनं एक हातभर रुंदीचा ओहोळ खळखळ करत खाडीत पडत होता. त्याच्या तोंडाच्या वर माशी टाकायची आणि धारेबरोबर वाहत खाली येऊ द्यायची, एवढंच करत होतो. सहाव्या-सातव्या फेकीला दोरी बोटात थांबली, ओढ नाही, झटका नाही, नुसती थांबली. मी ओढली आणि पाणी फुटलं. हेडलाईट मारला तर लाल निखाऱ्यासारखा एक डोळा. जिताड्याचा डोळा अंधारात उजेड पडला की असा लाल चमकतो. फार मोठा नव्हता, दोन वितीचा असेल. भाचा काही बोललाच नाही, नुसता त्या डोळ्याकडं बघत राहिला. मासा सोडला तेव्हा उजाडायला लागलं होतं.

"पंधरा मीटरवर काय मासा असतोय?"

तो जिताडा आठ मीटरवर लागला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लांब फेकता येत नाही म्हणून लोक हा नाद सुरूच करत नाहीत. चांगल्या सरावानंतर पंधरा-वीस मीटर जाते आणि किनाऱ्यावरनं एवढं पुष्कळ होतं. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, लाट फुटून परत जाते तिथं वाळू खणली जाऊन किनाऱ्याला समांतर एक खोलगट पट्टा होतो, पाण्याचा रंग थोडा गडद दिसतो, मुडदुशीपासनं रावसापर्यंत सगळे त्या पट्ट्यातनं ये-जा करतात. आणि नवीन माणूस नेमका तोच पट्टा तुडवत कमरेएवढ्या पाण्यात जातो आणि तिथनं पुढं फेकतो. पहिल्या चार फेकी कोरड्या वाळूवरनं टाका.

वाऱ्याचं काय?

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथं कामाला येतंय. पहाटे जमीन थंड, वारा जमिनीकडनं समुद्राकडं, म्हणजे आपल्या पाठीमागनं, दोरी आपोआप पुढं जाते आणि पाणीपण शांत. दहा-अकरा नंतर खारा वारा सुरू होतो, आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वायव्येकडनं. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की तो समोरनं-उजवीकडनं येतो आणि उजव्या हाताच्या माणसाची माशी थेट कानाकडं आणतो. अशा वेळी दांडा डाव्या खांद्यावरनं चालवायचा, नाहीतर सरळ समुद्राकडं पाठ करून मागची फेक पाण्यात सोडायची. गॉगल आणि टोपीशिवाय ही दोरी हातात घ्यायचीच नाही, घाटावर सराव करतानासुद्धा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करून टाका, माशाला सोडायला सोपं आणि चुकून माणसात घुसला तर काढायला सोपं.

सामान किती लागतं?

नऊ फुटी 8 नंबरचा दांडा, चार तुकड्यांचा घ्या, एसटीच्या रॅकवर बसतो. रीळ खाऱ्या पाण्याला चालणारं, त्यात लाइनीच्या मागं दीडएकशे मीटर बारीक मजबूत दोरा, मोठा मासा पळाला तर तो उपयोगाला येतो, त्याला बॅकिंग म्हणतात. पैसे लाइनीवर घाला, रिळावर नाही. आणि लाइन उष्ण हवेसाठीचीच मागा, थंड देशातली आपल्या उन्हात शेवयांसारखी लिबलिबीत होते. पाय गरम ठेवणारे रबरी बूट-पँट वगैरे काही लागत नाही, आपला समुद्र कोमट आहे, जुनी हाफ पँट आणि जाड तळाचे बूट पुरे. बूट मात्र पाहिजेतच, खडकावरच्या कालवांची धार ब्लेडसारखी असते.

एक वस्तू घरी करा. ओढून घेतलेली दोरी पायाशी पडली की लाट ती घेऊन जाते, शेवाळात, खडकात, पायात. म्हणून भांड्याच्या दुकानातनं एक आयताकृती प्लास्टिकचा टब आणायचा, तळाला तापलेल्या खिळ्यानं आठ-दहा भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकातनं एक केबल टाय असा ओवायचा की त्याचं शेपूट आत उभं राहील, बोटभर ठेवून बाकीचं कापायचं. दोन बाजूला खाचा करून जुना पट्टा, टब कमरेला. त्या उभ्या काड्यांमुळं दोरीचे वेटोळे एकमेकांत सरकत नाहीत. काठावरच्या माणसाला ह्या टबाइतकी उपयोगाची दुसरी वस्तू मला अजून सापडली नाही.

पीस बघून मासा खरंच फसतो?

शिकारी मासा वास घेत बसत नाही, त्याच्यासमोरनं काहीतरी पळतंय, पोटाकडं पांढरं, पाठीकडं गडद, त्याला एक सेकंद मिळतो. क्लाउझर मिनो नावाची माशी आहे, बॉब क्लाउझर ह्या अमेरिकन माणसानं 1980 च्या दशकात नदीतल्या माशासाठी केलेली, आता जगभर समुद्रात चालते. गळाच्या देठावर दोन धातूचे डोळे बांधलेले, त्यानं गळ उलटा होऊन टोक वर राहतं आणि वाळूत-खडकात अडकत नाही. ओढली की वर येते, थांबली की नाक खाली करून पडते, घाबरलेल्या मासळीसारखी. तिकडं हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, मी बकऱ्याचे लांब पांढरे केस वापरतो आणि चमक म्हणून गणपतीच्या सजावटीतल्या झिरमिळ्या. मासा तक्रार करत नाही.

एक सवय मात्र नदीवरच्या माणसाला मोडावी लागते. चावा लागला की आपण दांडा वर झटकतो. इथं दांडा उचलला की माशी माशाच्या समोरनं निघून जाते. दांड्याचं टोक पाण्याकडंच ठेवायचं आणि डाव्या हातानं दोरी लांब ओढायची. लागला तर लागला, नाही लागला तरी माशी तिथंच आहे, मासा परत येतो. आणि जिताड्याच्या गालाची कड धारदार असते म्हणून माशीच्या आधी हातभर जाड तंगूस बांधा.

किनाऱ्यावर तर आहे, धोका कसला?

धोका आहे आणि तो समोरनं येत नाही. एकदा एका खाडीच्या तोंडाशी वाळूच्या उंचवट्यावर मी आणि एक मित्र उभे होतो, ओहोटी संपून भरती लागलेली, मासे लागायला लागले होते. पाणी समोर घोट्यालापण नव्हतं. मागं वळून बघितलं तर उंचवटा आणि किनारा ह्यांच्या मधल्या सखल भागात पाणी आधीच भरलं होतं, येताना जिथनं कोरडे आलो होतो तिथनं जाताना छातीएवढ्या पाण्यातनं गेलो, दांडे डोक्यावर धरून, आणि धार आम्हाला आत ढकलत होती. अजून पंधरा मिनिटं थांबलो असतो तर काय झालं असतं ते मी घरी सांगितलेलं नाही. तेव्हापासनं नियम असा, काडी मागच्या पाण्याच्या कडेला रोवायची, काडी ओली झाली की मासा चावत असला तरी निघायचं.

खडकावर उभं राहायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघा, ओला खडक म्हणजे तिथवर लाट येते. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चला, पाकट वाळूत पुरून बसलेली असते, धक्का लागला की निघून जाते, पाय पडला तर काटा मारते. शेंगाळा मासा लागला तर त्याच्या काट्याला हात लावू नका. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकडं जाणार असाल तर लक्षात ठेवा, आपल्या कृष्णेसारख्या तिथंही मगरी आहेत, अंधारात तिच्या काठाला पाण्यात उतरू नका.

आणि तिथल्या माणसांना विचारा. मासेमारी करणाऱ्या खारवी, गाबीत दादांना त्या खाडीचा प्रत्येक हात माहीत आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढायची चालू असेल तर त्या पट्ट्यात दोरी टाकायची नाही, ते त्यांचं पोट आहे, आपला रविवार आहे. मालवणला सागरी अभयारण्य आहे, 1987 पासनं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभा भागात मासेमारी चालत नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते आणि काठावरच्या माणसाला बंदी नसली तरी त्या समुद्राजवळ जाऊ नका. माझ्या मते नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात बरं, पाणी निवळलेलं असतं.

ठेवायचा का सोडायचा?

खायला नेला तर मी कुणाला नावं ठेवणार नाही, मीपण बांगडा नेतो. पण 2023 साली राज्य सरकारनं 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही, कारण त्यानं अजून एकदापण अंडी घातलेली नसतात. मोठ्या जिताड्याचं गणित तर अजून वेगळं आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या, आणि मोठी मादी एका वेळेला लाखांनी अंडी घालते. तिला पाण्यातच धरून गळ काढायचा, धारेकडं तोंड करून धरायचं, शेपटीत जोर आला की हात सोडायचा. फोटो काढायचा तर दांडा पाण्यात, मासा पाण्यात, वाकून काढा.

घरी आल्यावर

रात्री सांगलीत पोचल्यावर कितीही झोप आली तरी मीठ उद्यावर टाकायचं नाही. रीळ उघडून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली, नळ जोरात सोडला तर मीठ उलट आत जातं. लाइन बादलीत कोमट पाण्यात मोकळी सोडायची, मऊ फडक्यातनं ओढून घ्यायची, फडकं काळं होईल, काळं व्हायचं थांबलं की झालं. दांड्याचे चारही तुकडे वेगळे करून पुसायचे, सांध्यात वाळूचा एक कण राहिला तर पुढच्या वेळी तो सांधा सुटत नाही. माशा चहाच्या गाळणीत धरून धुवायच्या आणि खिडकीत वाळत घालायच्या, आमच्याकडं मांजर आहे म्हणून मी त्या उलट्या ठेवलेल्या डाळीच्या चाळणीखाली ठेवतो.

सरावाला यायचं कुणाला असेल तर पाऊस नसलेल्या कुठल्यापण संध्याकाळी घाटावर या. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधतो, पायऱ्या मोजतो, दहाव्या पायरीवर एक पान ठेवतो आणि ते पान हलवायचा प्रयत्न चालू असतो.